ग्रेडरभाऊंची गोळी

सोमवार, दिवाळीनंतरचा दुसरा आठवडा. दारव्ह्याच्या कापूस बाजारातल्या शेडमध्ये रक्तातल्या साखरेची तपासणी. हजर: डॉक्टर, नोंदवही घेऊन मी नर्स, रांगेत बारा माणसे आणि रांग मोडून पुढे आलेले ग्रेडरभाऊ.

कापसाची चिमूट दोन्ही अंगठ्यांत ओढून ते धाग्याची लांबी सांगत आणि मालाची प्रत ठरवत. भाव पडलेल्या त्या वर्षांत लोक श्वास रोखून त्या अंगठ्यांकडे बघत. प्रत खरी सांगितली म्हणून भाऊ शिव्याही खात. "मी खोटं बोललो तं धागा थोडाच लांब होते?" एवढंच उत्तर.

त्यांच्या लघवीत प्रथिनं सापडली. डॉक्टरांनी समजावलं, शरीरातल्या प्रथिनांना साखर चिकटते, मूत्रपिंडाच्या गाळण्या त्याने खराब होतात आणि प्रथिनं गळू लागतात.

"म्हणजे चिकट्याचा कापूस!" भाऊ म्हणाले. "मावा कीड पडली का बोंडावर गोड चिकटा येते. दिसाले पांढराफक, अन् जिनिंगमधी रोलरले चिकटते. धुवाचा कसा, साहेब?"

"धुता येत नाही. पुढचं चिकटणं कमी करायचं."

साखरेच्या गोळ्या वाढल्या, शिवाय एक बीपीची गोळी आली. हमालाने गोड चहा पुढे केला की भाऊ ओरडत, "चिकटा कायले पाजून राह्यला बे?" दर तीन महिन्यांच्या तपासणीला विचारत, "माझी ग्रेड सांगा, बाई." ती सुधारत होती.

एका फेरीत मी त्यांचं बीपी मोजलं. उत्तम होतं. "मंग हे गोळी कायले?" त्यांनी विचारलं. मला वही नेटकी लागते. 'बीपी नाही, गोळी बंद' असा शेरा मारून मी पुढचं नाव पुकारलं. डॉक्टरांना विचारलं नाही.

दीड वर्षाने भाऊंचे पाय सुजले. नडगीवर अंगठा रुतवून म्हणाले, "पाहा, खड्डा भरत नाही. ग्रेड उतरली." डॉक्टरांनी वही चाळली. ती गोळी बीपीसाठी नव्हतीच, गाळण्यांवरचा दाब कमी करायला होती. ती चालू असती तर कदाचित काही वर्षं जास्त मिळाली असती, एवढंच ते बोलले.

मी जाऊन भाऊंना सगळं सांगितलं. त्यांनी नडगीवर पुन्हा अंगठा रुतवून पाहिला. मग म्हणाले, "वजन बराबर केलं बाई तुम्ही. माल नाही पाह्यला."

डायलिसिससाठी जीपने यवतमाळच्या खेपा सुरू झाल्या. पुढच्या होळीआधी भाऊ गेले.

त्याच शेऱ्याची वहीत आणखी सहा नावं निघाली. पाच जणांना घरी जाऊन डॉक्टरांकडे आणलं. सहावी सखूबाई मजुरांच्या टोळीबरोबर तेलंगणात कापूस वेचायला गेली आहे. कोणत्या गावी, ते तिच्या घरच्यांनाही नीट सांगता येत नाही. तिला सांगायचं राहिलं आहे.