मिस्त्रींचा उजवा हात

चाळीस वर्षं इंजिनं खोलणाऱ्या या माणसाला सगळे मिस्त्रीच म्हणत. निवृत्तीनंतर घराची मागची गॅलरी त्यांचं वर्कशॉप झाली. बायको म्हणायची, "या घरात फडकीसुद्धा धुवून काळी होतात."

धातू ते डोळ्यांनी ओळखत नसत. तेलाच्या किटणाखाली सगळं सारखंच काळं. भाग उजव्या हातावर तोलायचा: जड ते बीड, म्हणजे ओतीव लोखंड; हलकं ते अ‍ॅल्युमिनियम. बीड कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात, अ‍ॅल्युमिनियम मात्र फक्त रॉकेल आणि ब्रश. सोडा त्याला खातो. यात त्यांची चूक कधी झाली नव्हती.

त्या रविवारी मुलीच्या गाडीचं काम होतं; तीही शेजारी पाण्याचा पंप घासत बसली होती. मिस्त्रींनी थर्मोस्टॅटचं हाउसिंग, म्हणजे त्याचं धातूचं कवच, तोललं, सोड्याच्या डब्यात सोडलं आणि जुन्या टूथब्रशने रेडिएटरच्या पात्या घासू लागले.

डबा फसफसायला लागला.

"बाबा, ते उकळतंय का?"

"मळ कुरकुरतोय. तू तुझा पंप घास."

तासाभराने त्यांनी चिमट्याने हाउसिंग वर काढलं. कडा कुरतडलेल्या. मधोमध आरपार भोक. बोल्टची जागाच नाही. खाली काळं पाणी ठिबकत होतं.

मुलगी हसत सुटली. "वा, मिस्त्री! धुवायला सांगितलं, तुम्ही तर वितळवूनच टाकलंत! असू द्या, नवं मिळतं."

मिस्त्रींचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मी तोललं होतं गं. जड लागलं."

बायको दारात उभी होती. "हल्ली यांच्या हातून कपही सुटतो," ती हळू आवाजात म्हणाली. "मी आपली यांनाच धांदरट म्हणून ओरडत होते."

मुलीचं हसू मावळलं. तिने त्यांना डोळे मिटायला सांगितले. उजव्या तळहातावर मोठा बोल्ट ठेवला, आणि जरा वेळाने अलगद उचलून घेतला.

"आता काय आहे हातात?"

"बोल्टच की."

त्यांनी डोळे उघडले. बोल्ट मुलीच्या हातात होता. ते कितीतरी वेळ आपल्या रिकाम्या तळव्याकडे पाहत राहिले.

"हा कधीपासून खोटं बोलतोय?"

"बाबा, उद्या डॉक्टरकडे जाऊ."

"उद्या नाही." मिस्त्री धडपडत उठले. "परवा शेजारच्या भाऊंच्या गाडीचे ब्रेक मीच बसवलेत. सगळे नट याच हाताने आवळले. धाव, किल्ली काढून घे त्यांच्याकडून."

मुलगी अनवाणीच धावली.