कापडामागची टोपी

आमचा शेजारी ऑरिन पिकेट कमालीचा संशयी. कोंबडीनं दोन बलकांचं अंडं दिलं, तर दुसरा बलक कुणाचा, असं विचारणारा. पण नालबंद अव्वल! सान्ता क्लारा खोऱ्यातल्या आमच्या घोड्यांच्या मळ्यावर सोळा वर्षं त्याचेच नाल वाजत होते. मी तिथं खोगिरं शिवायचो.

त्या उन्हाळ्यात डेल्फी घोडी गवताच्या गंजीपाशी रोज अडखळू लागली. स्वार सिलास म्हणे, नाल वाकडा. ऑरिन म्हणे, सिलास मुद्दाम लगाम खेचतो.

मालक म्हणाले, "शहरातून फोटोवाला बोलावतो, तोच निवाडा करील. नालाचा दोष निघाला तर ऑरिन, भट्टी सोड आणि घरही."

फोटो काढायला माणसानंही पुतळ्यासारखं बसायचे ते दिवस. हा तर धावत्या घोडीचे काढणार! त्यानं वाटेच्या एका कडेला बारा कॅमेरे मांडले, समोर पांढरं कापड ताणलं, मधे बारा दोरे आडवे बांधले. घोडी दोरा तोडील तसा एकेक फोटो.

"हे दोरे माझ्या नालात अडकवायला आहेत," ऑरिन माझ्या कानाशी लागला.

"अरे बाबा, छातीच्या उंचीवर आहेत ते!"

"ऐन वेळी खाली सोडतील."

"मग बस कापडामागं लपून," मी आपलं गमतीनं म्हटलं.

डेल्फी आली. दोरे तटातट तुटले आणि ती अडखळलीच. "इथं तर गवताची गंजीही नाही!" सिलास ओरडला. "नालच तो!"

दुपारी मालकांनी फोटोंच्या बारा काचा ओळीनं उजेडात धरल्या. नाल चोख. लगाम सैल. पण पाचव्या काचेत कापडाच्या वर डोकावणारी टोपीची कड, सातव्या काचेत टर्कीचं पीस खोवलेली अख्खी टोपी, आठव्यात घोडीचे कान तिकडे वळलेले, नवव्यात टोपीखाली दोन डोळे, दहाव्यात घोडीच्या पायांचा गुंता.

तसं पीस खोऱ्यात एकाच टोपीला होतं.

"ऑरिन," मालकांनी विचारलं, "गंजीमागं रोज कोण असतं?"

ऑरिन बुटांकडे बघत पुटपुटला, "सिलासवर नजर नको ठेवायला?"

भट्टी राहिली, घरही राहिलं. हुकूम एवढाच, की डेल्फी धावताना ऑरिन भट्टीत आणि कडी बाहेरून.

"कडी मी लावतो हं, काका," सिलास म्हणाला.

परतताना ऑरिन वाटेत थबकला. "कापडामागं बस, असं तूच म्हणालास ना?"

डेल्फी पुन्हा अडखळली नाही. माझ्या घोड्याचे नाल अजून ऑरिनच ठोकतो, पण माझ्याकडे पाठ करत नाही.