कुसुमनं पोर दिली नव्हती

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही. सांगायचं ठरवायचो अन् विषय कपाशीवर न्यायचो. सत्तरी उलटली — आणखी किती टाळू?

सुरुवात वैशालीपासून करतो. तिचं नाव काढलं की माझी छाती फुगते. मारेगावला ती बायकांच्या मनाच्या दुखण्यांवर उपचार करते. एकदा डबा द्यायला गेलो होतो. तेवढ्यात एक माणूस बायकोला घेऊन आला अन् स्वतःच बोलू लागला, "कारण काहीच नाही मॅडम, हिचं डोकंच तसं आहे."

"भाऊ, तुम्हाले नाही विचारलं. बाहेर बसा. काका, तुम्ही पण!"

आम्ही दोघं बाकावर. तो म्हणाला, "लय कडक आहे जी!" मी म्हणालो, "आमची आहे."

नंतर मी तिला विचारलं, मानसशास्त्रात तुझा तो स्त्रीवाद कायले पाहिजे? ती हसली. "काका, बाईले काय झालं ते बाईलेच विचारा लागते. आतापर्यंत नवऱ्यालेच विचारत होते ना!"

ती मला काका म्हणते. पण पोरगी माझी आहे — हे तिलाही ठाऊक आहे. राजूरच्या माझ्या थोरल्या भावाला मूल नव्हतं. बारशाच्या दिवशी मी तिला वहिनीच्या ओटीत टाकलं. आमच्यात असं देतात. पण आईनं हो म्हटलं पाहिजे. माझ्या बायकोला, कुसुमला, मी विचारलंच नाही. लोकांना मात्र सांगितलं — तिनंच हौसेनं दिली.

"मले विचारलं काहून नाही?" एवढंच ती बोलली. मग जेवण सुटलं, बोलणं सुटलं. दुधानं चोळी भिजायची अन् ती राजूरच्या वाटेकडे पाहत बसायची. डॉक्टरनं कारण विचारलं — मला. मला ते ठाऊक नव्हतं का? मी म्हणालो, "काही नाही, डोकंच तसं आहे." तेव्हापासून गावासाठी ती वेडी कुसुम.

तरी ती उठली. शेत केलं, आमच्या थोरल्या मुलाला शिकवलं. वैशाली सुटीत आली की तिची वेणी घालायची. पण 'मी तुले दिलं नव्हतं' असं कधी बोलली नाही. माझी अब्रू तिनं राखली. वैशालीचा कणखरपणा कोणाचा, हे मी ओळखतो. अन् वैशाली अजून समजते, कुसुमनंच तिला दिलं.

दोन वर्षांपूर्वी कुसुम यवतमाळच्या दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती. वैशाली उशाशी होती. दोघींसमोर बोलायचं मी ठरवून गेलो होतो — कुसुम, पोर मी दिली, तुले विचारलं नाही, चुकलो. तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी विचारलं, "पाणी देऊ?"