आईचा अर्धा डाव

बाबांचा कॉम्प्युटर मी बंद केला. सांगितलं होतं फक्त पंखा साफ करायला, आणि मी कॉम्प्युटर बंद केला. बंद होण्याआधी त्यानं मला विचारलंसुद्धा होतं, की पत्त्यांचा डाव अर्धा आहे, जपून ठेवायचा का? मी म्हटलं, नाही.

डाव आईचा होता. आणि आईला जाऊन वर्ष उलटलं होतं.

हे नीट सांगायचं तर चक्कीपासून सुरुवात करावी लागेल. कोहमाऱ्याच्या फाट्यावरून आत वळलं की आमचं गाव. थोडी धानाची शेती आणि घराला लागून पिठाची चक्की. त्या चक्कीमुळे आमच्या घरात सगळ्यांचेच केस अकाली पांढरे दिसायचे. धुतले की काळे व्हायचे. कॉम्प्युटर माझ्या कॉलेजसाठी घेतलेला. मी शिकलो, गोंदियात नोकरीला लागलो, लग्न केलं, लॅपटॉप घेतला. कॉम्प्युटर गावातच राहिला, आईबाबांसारखाच.

आईनं तो आपलासा केला, आणि तोही एकाच कामासाठी. त्यात एकट्यानं खेळायचा पत्त्यांचा खेळ आयता आलेला होता. आमच्या गावात पत्ते म्हणजे पुरुषांचा मामला. पोळ्याला पारावर डाव पडतात, आणि तिथं एखादी बाई नुसती घुटमळली तरी चार दिवस बोलणं होतं. पण कॉम्प्युटरपुढे बसलेल्या बाईला कोण काय म्हणणार? दळण घेऊन आलेल्या बाया दारातून डोकावायच्या, "काय करून राहिल्या काकू?" आई मान न वळवता सांगायची, "काम हाय." आणि बदामच्या राणीवर इस्पिकचा गुलाम ठेवायची.

बाबा खुर्चीमागे उभे. त्यांना राहवायचं नाही. "तो किलवरचा नव्वा उचल ना. दहिल्ला रिकामा पडून हाय."

"माही पात मी लावीन," आई म्हणायची. "तुम्ही धुऱ्यावर राहा."

हे पातीचं प्रकरण तिनं धानाच्या बांधीतून आणलेलं होतं. रोवण्याला बाया ओळीनं उभ्या राहतात, जिची तिची पात ठरलेली, आणि वाकून धान लावत मागे मागे सरकतात. आईचा हात सगळ्यांत सावकाश. बाकीच्यांचं आटोपलं तरी तिचं अर्धं बाकी. मग कोणीतरी दयेनं म्हणे, आणा, आम्ही लावून देतो. तिला तेवढंच खपत नसे. ज्याची पात त्यानं लावावी. दुसऱ्याच्या पातीत पाय टाकायचा नाही. मग सगळ्या बाया धुऱ्यावर, म्हणजे बांधावर चढून पाय धूत बसायच्या, हळूहळू घरी जायच्या, आणि शेवटी बाबा एकटे त्या चिखलाच्या काठावर उभे असायचे, तिचं होईपर्यंत. मी लहान होतो, भूक लागलेली असायची. मी रडायचो. बाबा म्हणायचे, "होते आता. तिच्या हातचं आहे, होऊ दे."

त्या दिवशी सकाळपासून तिला दम लागत होता. बाबांनी फाट्यावरून गाडी बोलावली. गाडी येईपर्यंत ती कॉम्प्युटरपुढे जाऊन बसली. निजवत नव्हतं म्हणे, बसून बरं वाटत होतं. दारात हॉर्न वाजला तशी ती उठली आणि बाबांना म्हणाली, "हात नोका लावू. मी येऊन खेळतो."

ती आलीच नाही.

तेरवी झाली, पाहुणे गेले, मीही गेलो. बाबांनी डावाला हात लावला नाही. रात्री, आणि लाइन गेली की यूपीएसच्या जोरावर, ते कीबोर्डवरचं चंद्राचं बटण दाबून कॉम्प्युटर झोपवायचे, सकाळी उठवायचे. उठला की पत्ते जसेच्या तसे. तेवढं बघून चक्की सुरू करायचे. तिकडे वर्षभर मी येत-जात होतो आणि मला वाटत होतं की बाबांना पत्त्यांचा नाद लागला. ऑफिसात मी हे कौतुकानं सांगितलंसुद्धा: आमच्या वडिलांना ह्या वयात कॉम्प्युटरची आवड लागली बघा.

मग एक दिवस बाबांचा फोन आला. "अरे, त्याचा पंखा घरघर करून राहिला. मधातच बंद पडन असं वाटते. येशीन तेव्हा पाहून देजो."

एवढंच. पंखा. पण मला अशा कामाचा फार जुना किडा. व्हिडिओ बघून बघून मी मनानं मोठा इंजिनीअर झालेला. नुसता पंखा कशाला, म्हटलं, बाबांना नवाकोराच करून देऊ. शनिवारी गोंदियाच्या बाजारात गेलो. दुकानदार ओळखीचा.

"बोर्ड कौनसा है भाऊ?"

"पुराना है."

"कितना पुराना?"

"काफी पुराना."

"फोटो खींच के लाते तो अच्छा रहता. रॅम सबमें सब नहीं लगती."

"मुझे पता है," मी म्हटलं. काय पता होतं देव जाणे. एवढ्या भक्कम माहितीवर मी रॅम घेतली, एसएसडी घेतली, प्रोसेसरवर लावायची पेस्ट घेतली आणि निळा उजेड पडणारा एक पंखा घेतला. साधा पंखा त्याच खोक्यात शेजारी होता. पण निळा उजेड मला आवडला.

रविवारी पोचलो तेव्हा बाबा बांधीतलं पाणी पाहायला निघालेच होते. धान गर्भावर आलेला. जाताना त्यांनी मागं वळून सांगितलं, "पंखा तेवढा पाह्य. बाकी कशाले हात नोको लावू."

मी "हो हो" म्हटलं. बाबा दिसेनासे होताच मी कॉम्प्युटर उठवला. समोर पत्ते मांडलेले. मला हसू आलं. म्हटलं, बाबा खेळता खेळता उठून गेले वाटतं. बंद करण्याचं बटण दाबलं. तेव्हा ती छोटी चौकट आली आणि त्यानं ते विचारलं. मी वाचलंही. वाचून, समजून, नको म्हटलं. बाबांनी दुसरा मांडावा, पत्त्याचं काय एवढं!

मग मी डबा उघडला. पंख्याच्या पात्यांवर पिठाचा असा थर होता की थोडं पाणी घातलं असतं तर दोन पोळ्या सहज लाटल्या असत्या. ब्रशनं सगळं झाडलं. तिथंच थांबायला हवं होतं. जुनी रॅम उपसली, नवी खाचेत धरली. बसेना. जोर लावला, बसेना. आणखी जोर लावणार तेवढ्यात लक्षात आलं की जुन्या आणि नव्या रॅमच्या खाचा वेगवेगळ्या जागी आहेत. ही रॅम या बोर्डावर ह्या जन्मात बसायची नाही. मुकाट्यानं जुनी परत लावली. पंखा बदलला, पेस्ट लावली. दातांना लावतात तेवढी लावली, म्हणजे फारच झाली. बटण दाबलं. पंख्याचा निळा उजेड पडला, पडद्यावर काही नाही. नुसतं पीं, पीं.

फोन घेऊन छपरावर चढलो, कारण आमच्या घरात नेटवर्क छपरावरच येतं. पीं-पीं म्हणजे रॅम नीट बसली नाही, असं कळलं. खाली उतरलो. रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासले, पुन्हा बसवली. पुन्हा पीं. पुन्हा छपरावर. एका वेळी एकच रॅम लावून बघा, असं तिथं कोणीतरी सांगत होतं. दुसऱ्या खाचेत लावली आणि पडदा उजळला. त्या क्षणी मला जो आनंद झाला तो मला मुलगा झाला तेव्हाही झाला नसेल. हे बायकोला सांगू नका.

मग एसएसडी बसवून तिच्यावर नवी विंडोज टाकली. जुनी डिस्क काढून खिडकीत ठेवून दिली. आता कॉम्प्युटर असा सुरू व्हायला लागला की पापणी लवायच्या आत तयार. मी चहा करून घेतला आणि बाबांची वाट पाहत बसलो. शाबासकीसाठी, दुसरं काय!

बाबा आले. पाय धुतले. पुसत पुसत खोलीत गेले. पडद्यावर कुठलासा परदेशी डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी तळं होतं.

"पत्ते कुठं गेले?"

"बाबा, ते जुनं होतं. याच्याहून भारी टाकून देतो." मी लगेच एक खेळ टाकून दिला. तो उघडला, तर आधी केसांच्या तेलाची जाहिरात आली. ती संपेपर्यंत आम्ही दोघं टक्कल आणि केस बघत उभे. मग पत्ते आले, चकचकीत, उड्या मारत.

"हे नाही," बाबा म्हणाले. "तिचे."

"कोणाचे?"

"तुह्या मायचे."

हॉर्न, "हात नोका लावू", चंद्राचं बटण, वर मी जे सगळं माहीत असल्यासारखं सांगून बसलो, ते मला त्या वेळी पहिल्यांदा कळलं. बाबा खाली बघत, एकेक वाक्य सांगत होते. मध्ये तो नवा खेळ कुठलीशी टाळ्यांची धून वाजवत होता आणि मला ती बंद कशी करायची ते सापडत नव्हतं.

"बंद करताना त्यानं पुसलं असन," बाबा म्हणाले. "माह्या हातानं एक वेळा चुकून दाबल्या गेलं होतं, तं पुसलं होतं."

"हो, विचारलं होतं."

"मंग?"

मी स्पीकरची वायरच उपटली. संध्याकाळी दळणाच्या बाया आल्या तेव्हा त्यांनी चक्की लावली नाही. डबे डोक्यावर घेऊन बाया परत गेल्या. "काऊन, लाइन नाही का?" एकीनं मला विचारलं. घरात दिवा लागलेला तिला दिसत होता. मी म्हटलं, "बाबांची तब्येत ठीक नाही."

सोमवारी जुनी डिस्क रुमालात गुंडाळून मी दुकानात नेली. डिलीट झालेलं परत काढतात असं ऐकलं होतं.

"क्या था इसमें? फोटो? फाइल?"

"ताश का गेम."

"गेम तो दूसरा डाल देता हूँ."

"नहीं, वही चाहिए. आधा खेला हुआ था."

त्यानं हातातलं काम थांबवून माझ्याकडे पाहिलं. काउंटरवरची दोन गिऱ्हाइकंही हसली. "अरे भाऊ, फोटो रहता तो ढूंढ लेते. जो सेव्ह ही नहीं हुआ वो कहाँ से निकालूँ? नया बाँट लो ना."

आईचा डाव होता, असं काहीतरी मी पुटपुटलो. त्याला ते समजणं शक्य नव्हतं. डिस्क रुमालात गुंडाळून परत आणली. ती अजून माझ्या कपाटात आहे. बायको म्हणते टाकून द्या. मी म्हणतो, काम आहे तिचं.

पुढच्या रविवारी पुन्हा गावी गेलो. खरं तर गेलो नसतो. तोंड दाखवायची लाज वाटत होती. पण बाबा फोन उचलत नव्हते. पोचलो तर दुपार, दमट उकाडा, आणि बाबांच्या खोलीतला छताचा पंखा बंद. बाबा बनियनवर, घामानं निथळत, दिवाणाच्या कडेला बसलेले. दिवाणावर पत्ते मांडलेले होते. खरेखुरे, कागदाचे, पोळ्याला पारावर असतात तसले मळके. प्रत्येक गठ्ठीवर एकेक चिंचोका ठेवलेला, उडू नये म्हणून. कोपऱ्यात कॉम्प्युटर बंद, त्याच्यावर आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा.

"पंखा लावू का बाबा?"

"उडतीन."

मी जवळ बसलो. हळूहळू ओळखू आलं. बदामचा दहिल्ला रिकामा. त्याच्या उजवीकडे किलवरचा नव्वा. बंद करण्याआधी मी जे क्षणभर पडद्यावर पाहिलं होतं, तेच.

"एवढं सगळं तुम्हाला आठवलं?"

"आठवाले काय लागते? रोज तं पाहत होतो."

"आणि हे पालथे? खालचे?"

"ते मनानं ठेवले," बाबा म्हणाले. "खालचे कोनते होते, ते तं तिलेबी माहीत नव्हतं."

बाहेरून कोणीतरी दळणासाठी हाक मारली; बाबांनी "येतो" म्हणून सांगितलं आणि हलले नाहीत. अशा वेळी माणसानं गप्प बसावं. पण गप्प बसता आलं असतं तर हे सगळं घडलंच नसतं. बाबा इतकी वर्षं आईच्या खुर्चीमागून जे सुचवत आले, तेच आपण त्यांना करून दाखवावं, त्यांना बरं वाटेल, असं मला वाटलं. मी हात पुढे केला. किलवरच्या नव्व्यावरचा चिंचोका बाजूला सारला आणि नव्वा उचलला.

बाबांनी माझं मनगट धरलं. नव्वा माझ्या बोटांतून सोडवून घेतला, होता तिथं ठेवला, त्यावर चिंचोका ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले,

"त्या डब्ब्यात जीव नाही, तरी त्यानं आंधी पुसलं होतं. तू तं तिच्या पोटचा, लेका, तुले तेवढं बी जमत नाही."