कागद ओला असेतोवर

सुलभामावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी पलासियाच्या ऑफिसात होते. शेजारच्या काकूंनी एवढंच सांगितलं, "सकाळचा चहा घेतला अन् खुर्चीतच डोळे मिटले..." महिना होऊन गेला, तरी रविवार आला की पाय मल्हारगंजमधल्या तिच्या खोलीकडे वळतात.

मावशी आईची धाकटी बहीण. पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात तिने जन्मभर मशीनच्या भागांची ड्रॉइंग्ज काढली. केसाएवढी बारीक रेघ एका दमात ओढायची. रिटायर झाल्यावर जलरंग घेतले, तिथेही तेच. आधी पेनाने चित्रातल्या घरांची खिडकी न् खिडकी आखायची, मग रेघेच्या आत रंग भरायचा.

पुढे तिचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. रेघ हलली की ती कागद फाडून टाकायची. एका रविवारी रंगाचं पाणी सांडलं आणि त्यावरूनच ती घसरून पडली. मी इतकी घाबरले की तिला न विचारता सगळे रंग-ब्रश माळ्यावर टाकले. "आता आराम कर ना, मावशी." ती रागावली नाही. नुसती म्हणाली, "हात हलतोय बेटा. आँखें तो ठीक हैं ना?" दुसऱ्याच दिवशी, ऑफिसला जायच्या आधी, मी सगळं खाली काढून दिलं.

त्यानंतर तिने रेघच सोडली. अख्खा कागद स्पंजने भिजवायचा आणि रंगात बुडवलेला ब्रश नुसता टेकवायचा. ओल्या कागदावर रंग आपला आपण पसरतो, हात हलला तरी बिघडत नाही. सुरुवातीला कितीतरी कागदांचा चिखल झाला. कागद अर्धवट वाळलेला असला की फूलगोभीसारखे डाग उमटायचे. मग एक दिवस तिने हाक मारली, "इकडे ये, देख!" धुक्यातला सिरपूरचा तलाव होता. एकही रेघ नव्हती. "एवढी वर्षं उगाच स्केल धरून बसले गं," म्हणाली आणि खूप हसली.

शेवटी ब्रशही धरवेना. मग मी ओल्या कागदावर रंग टेकवून बोर्ड धरायची, ती सांगायची. "डावीकडे झुकव... थोडं अजून... बस, अब रुक. कागद ओला आहे, त्याला जाऊ दे."

ती खोली आता माझ्याकडे आली आहे. परवा पुताईसाठी, भिंतींना नवा रंग द्यायला, सामान हलवलं, तेव्हा तिच्या खुर्चीमागची भिंत दिसली. ब्रशवरचा रंग ती तिथेच टेकवून पाहून घ्यायची. वर, उभ्या माणसाच्या हाताच्या उंचीला, सरळ, नेटके फटकारे. खाली खुर्चीच्या उंचीला पसरलेले, एकमेकांत मिसळलेले निळे-करडे ठिपके. पुताईवाल्याने डबा उघडला होता.

मी म्हटलं, "भिया, ये वाली दीवार रहने दो."