बेबिंकावाल्या मावशी

रविवारी बायको-मुलांना घेऊन शहराबाहेर, येलहंक्यापुढच्या एका फार्मवर गेलो होतो. तिथे गोव्याच्या एक मावशी पोर्तुगीज वळणाचं जेवण करायच्या. बेबिंका नावाच्या गोड केकचा एकेक थर त्या वरून निखारे ठेवून भाजत होत्या, पण चाखत मात्र नव्हत्या.

"मावशी, चाखून नाही बघत?" बायकोनं विचारलं.

"आजारपणात माझी चव गेली, बाय. गोड, आंबट काहीच कळत नाही."

"मग जमलंय हे कसं कळतं?"

"खाणारे बोलायचे थांबतात ना, तेव्हा."

घरापासून गाडीत भांडत आलेली आमची दोन्ही मुलं पहिल्या घासाला गप्प झाली. मावशी डोळे मिटून ती शांतता ऐकत उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. मला वाटलं, आत्ता त्यांनाही चव लागतेय.