दोनशे बारा ओळी

आमच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, रस्ते-खात्यात बर्फ काढणारी कुठली गाडी कुठल्या रस्त्यावर जाणार, हे ठरवायचं व्हर्ना सोरवारीबाईंचं मशीन. सव्वीस वर्षं त्यांनी ते सांभाळलं, त्यातला प्रोग्रामही त्यांनीच लिहिलेला. आमचा साहेब मर्ल टॉफ्टे याच्या मात्र ते डोळ्यांत खुपायचं. एक कंपनी नवीन द्यायला टपून बसली होती, आणि त्या गुरुवारी दहा वाजता काउंटीच्या मंडळापुढे जुनं मशीन भंगारात काढायच्या कागदावर सह्या होणार होत्या.

नेमका त्याच पहाटे दीड फूट बर्फ पडला आणि मशीन अडून बसलं. प्रत्येक रस्त्याला एकच उत्तर: असा रस्ता नाही. पडद्यावर नावं तर आम्हाला स्वच्छ दिसत होती. आम्ही चौदा चालक कॉफीचे पेले घेऊन ताटकळत उभे होतो.

"बाईंसारखंच बाईंचं मशीनही थकलंय," मर्ल म्हणाला. मला त्याचा असा राग आला!

व्हर्नाबाईंनी फक्त रस्त्यांच्या यादीची फाइल केवढी आहे ते पाहिलं. रस्ते आदल्या दिवशीइतकेच, दोनशे बारा. अक्षरं मात्र बरोबर दोनशे बारा जास्त.

"मर्ल, यादी तू उघडली होतीस?"

मर्ल फुशारकीने सांगू लागला. मंडळाला दाखवायला म्हणून त्याने ती आपल्या विंडोजवर उघडली, तर सगळे रस्ते एकाच ओळीत, मधे मधे बारीक चौकोन. बाईंनी काय ही दशा केलीय म्हणून त्याने आदल्या दुपारची जेवणाची सुट्टी घालवून एकेक चौकोन पुसला, तिथे एन्टर मारला आणि नीटनेटकी यादी परत ठेवून दिली.

बाई तरुणपणी जहाजांत खनिज भरायच्या धक्क्यावर टेलिप्रिंटर चालवायच्या. "तिथे ओळ संपली की दोन बटणं दाबायची," त्या शांतपणे म्हणाल्या. "एकाने छापणारा भाग डावीकडे परत यायचा, दुसऱ्याने कागद वर सरकायचा. तुझं विंडोज अजून दोन्ही खुणा टाकतं. माझ्या मशीनला एकच लागते. तुझी जास्तीची खूण दिसत नाही, पण ते तिला रस्त्याच्या नावातच धरतं."

त्यांनी एक आज्ञा दिली, जास्तीच्या खुणा गेल्या, आणि सव्वासातला आमच्या गाड्या बाहेर पडल्या.

दहाच्या बैठकीला मी ओल्या बुटांनीच जाऊन मागे बसलो. मर्ल हात झटकेल अशी माझी खात्री होती. पण तो उभा राहिला आणि म्हणाला, "चूक माझी होती. मशीन बरोबर होतं."

अध्यक्षांनी बाईंना विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का.

"नाव जुळलं नाही तर ते नाही म्हणतं," बाई म्हणाल्या. "अंदाजाने माणसाला वादळात पाठवत नाही."

त्या वादळात जाणारा माणूस मी होतो. सह्या काही झाल्या नाहीत, आणि पुढच्या सोमवारी मी गाडीच्या किल्ल्या मर्लच्या टेबलावर ठेवून बाईंच्या हाताखाली शिकायला बसलो.